मार्चची घाई आणि कुंपणावरचं ऑडिट

लोणावळ्यात पावसाळा कधी लागला हे पर्यटकांना विचारावं. मार्च लागला हे मात्र आम्हाला कॅलेंडर न बघता कळतं, कारण गल्लीच्या तोंडाशी पेव्हर ब्लॉकचा ढीग पडतो. वर्षभर जिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नसतं, त्या गल्लीवर मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकाएकी माया पाझरते. रात्री साडेअकराला डंपर, पहाटे पाचला कटर मशीन. आमच्या घरातलं तान्हं आणि शेजारच्या नानांचं ब्लड प्रेशर, दोन्ही एकदमच जागी होतात.

परवाही तेच झालं. तुंगार्लीत आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढं मेंदीचं कुंपण आहे. पलीकडे काकू खाटेवर जुनं लुगडं पसरून कुरडया घालत होत्या आणि नाना कावळे हाकायला काठी घेऊन खुर्चीत बसले होते. नाना म्हणजे अख्खी नोकरी सरकारी हिशेबतपासणीत काढलेला माणूस. भाजीवालीचे पैसेसुद्धा दोनदा बेरीज केल्याशिवाय देत नाहीत.

“नाना, मागचे ब्लॉक चांगले होते की हो,” मी विषय काढला. “एकही हलत नव्हता. मग उपटले कशाला?”

“हलत नव्हते, पण निधी शिल्लक होता ना!” नाना म्हणाले. “आज तारीख किती? पंचवीस. एकतीसला रात्री बारा वाजले की न खर्चलेला निधी परत जातो. मोठं काम काढायचं तर अंदाजपत्रक करा, तांत्रिक मान्यता घ्या, टेंडर काढा, मुदत द्या. तेवढा वेळ कुणाकडे आहे? मग उरतात ब्लॉक. आज टाकले, उद्या मोजले, परवा बिल.”

“पण गल्लीला उपयोग काय?”

“तो रकानाच फॉर्मवर नाही, सूनबाई. तरतूद किती, वितरण किती, खर्च किती, एवढे तीन रकाने. आढावा बैठकीत ‘अठ्ठ्याण्णव टक्के खर्च झाला’ म्हटलं की साहेब खूश. त्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत उभं काय राहिलं आणि ते कुणी वापरलं, हे विचारलं तर बैठक लांबते. जेवणं गार होतात.”

हे काम नेमकं कुणाचं, हे शोधायला मी आदल्याच दिवशी फोन फिरवले होते. एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने मलाच विचारलं, “कुठली गल्ली म्हणालात?” कामाच्या जागी फलक नाही. फलकावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्व कालावधी लिहायचा असतो. त्या कालावधीत काम बिघडलं तर ठेकेदाराने पदरच्या पैशाने दुरुस्त करायचं. मागच्या ब्लॉकचा तो कालावधी संपला होता की नव्हता, हे सांगणारा कुणी भेटला नाही. ब्लॉक उतरवणाऱ्या पोरांना विचारलं, तर ते म्हणाले, “आम्हाला शेठने पाठवलं.” शेठ कोण? “ते येत नाहीत इकडे.”

काकूंनी सोऱ्या खाली ठेवला. त्यांचं अर्थशास्त्र अगदी रोखठोक असतं. “घरपट्टी थकली तर किती घेतात गं?”

“दरमहा दोन टक्के शास्ती,” नानांनीच सांगितलं. “महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपालिकेत. बँक कर्जालासुद्धा एवढं लावत नाही.”

“आणि ठेकेदाराचं काम रखडलं तर?”

“दंडाची तरतूद असते. पण बहुधा मिळते मुदतवाढ.”

“बघ म्हणजे! पैसे घेताना आमचं नाव, घर नंबर, पावती, उशिराचा हिशेब महिन्यावारी. जरा जास्त थकलं तर चौकात फ्लेक्सवर नाव. आणि पैसे देताना शेठचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. आमच्या भिशीत बारा बायका आहेत, त्यातल्या निम्म्या एकमेकींशी बोलत नाहीत, पण कुणाच्या हातात किती गेले हे बाराही जणी झोपेत सांगतील.”

तेवढ्यात दूधवाले मामा आले. मामा पवन मावळातले. गाडी खणलेल्या गल्लीच्या तोंडाशी लावून, कॅन हातात घेऊन, ब्लॉकच्या ढिगावरून उड्या मारत पोचले होते, म्हणजे विषयात आपसूकच शिरले होते.

“ताई, ह्ये ब्लॉकचं काय घेऊन बसलात,” कॅन कठड्यावर टेकवत ते म्हणाले. “हजार-लाखाचा मामला. आमच्याकडं लोखंड बघितलं न्हाई का पडल्यालं?”

मामांना पवनेच्या बंद जलवाहिनीचा विषय निघायला निमित्त लागत नाही. पण आकडे नानांकडे होते. योजना पिंपरी-चिंचवड महापालिकेची. पवना धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर बंद नळातून पाणी न्यायचं. खर्च ३९८ कोटींच्या घरात, त्यात केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचा वाटा. २००८ च्या सुमारास काम निघालं. शहराचं म्हणणं असं की, आज नदीतून रावेतला पाणी उचलावं लागतं, वाटेत गळतं आणि खराब होतं, नळातून आलं तर वाचेल. गावांचं म्हणणं असं की, नदीच कोरडी पडली तर आमच्या विहिरी आणि उपसा योजना कशावर चालणार? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं. पण आधी गावं राजी करावीत आणि मग पाइप आणावेत, हा साधा क्रम उलटा झाला. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, मावळातले शेतकरी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघं गेले. योजनेला स्थगिती आली. ती उठली सप्टेंबर २०२३ मध्ये.

“बारा वर्षं!” मामा म्हणाले. “आमच्या वासरांना वासरं झाली. पाइप तिथंच. उन्हात तापलं, पावसात गंजलं.”

“बारा वर्षं पाइप उघड्यावर का पडले, याचं उत्तर कुणी द्यायचं?” नानांनी काठीने मातीत रेघ ओढली. “स्थगिती देणारे म्हणणार, लोकभावना होती. खरेदी करणारे म्हणणार, आम्ही मंजुरीनुसार घेतलं. मंजुरी देणारे म्हणणार, प्रस्ताव खालून आला. प्रत्येकाच्या कागदावर सही आहे आणि प्रत्येकाची सही बरोबर आहे. पण गंजलेल्या लोखंडाची किंमत कुणाच्या पगारातून कापली गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आता योजना पुन्हा निघाली की भाव आजचे. फरक कोण भरणार? पिंपरीचा करदाता भरणार आणि राज्याचा भरणार. शेवटी आपणच की.”

मी म्हटलं, “नाना, पण यात कुणी पैसे खाल्ले असं तर तुम्ही म्हणत नाही.”

“तेच तर सांगतोय. लोकांना वाटतं उधळपट्टी म्हणजे खाणं. खाल्लं तर चोर सापडतो तरी, निदान शोधता येतो. त्याहून मोठा खर्च असा होतो की त्यात कुणी चोरच नसतो. कुंडमळ्याचं बघ.”

कुंडमळ्याचं नाव निघालं तसे काकूंचे हात थांबले. त्यांच्या माहेरची वाट तळेगावकडून जाते. १५ जून २०२५, रविवार, दुपार. इंद्रायणीला पाणी चढलेलं. जुन्या, अरुंद लोखंडी पुलावर पर्यटकांची ही गर्दी, त्यात दुचाक्याही घातलेल्या. पूल कोसळला. चौघं गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे गावाला ठाऊक होतं, सरकारलाही ठाऊक होतं. नव्या पुलासाठी ८ कोटी रुपये मंजूर झाले होते. कार्यारंभ आदेश निघाला होता तो अपघाताच्या जेमतेम काही दिवस आधी.

“म्हणजे पैसे नव्हते असं कुणी म्हणू नये,” नाना म्हणाले. “पैसे होते. मागणी, मंजुरी, निविदा, आदेश असे एकेका टेबलावर मुक्काम करत निघाले होते. प्रत्येक टेबलावर किती दिवस मुक्काम पडला, हे फाइलीवर तारखांसकट लिहिलेलं असतं. तेवढं एक पान काढून चौकात लावा की! चौकशी समितीची गरजच काय?”

“आणि नवा पूल होईपर्यंत जुना बंद करायला किती खर्च आला असता?” मी विचारलं.

“दोन टोकांना दोन भिंती. मार्चमधल्या आपल्या गल्लीपेक्षा कमीच.”

काकू म्हणाल्या, “लोकही फलक वाचत नाहीत हो.” ते खरंच आहे. फलक होता आणि लोक पुलावर गेले. पण फलक लावला म्हणजे जबाबदारी फलकाकडे गेली असं नाही. रविवारी तिथे गर्दी होते हे सगळ्या मावळाला माहीत, तर बंदोबस्ताची वहीही रविवारीच उघडायला हवी.

रविवार म्हटल्यावर आमचं भुशी धरण आलंच. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या इंजिनांसाठी बांधलेलं धरण. आता तिथे वाफेचं इंजिन नाही, पण दर पावसाळी रविवारी अख्खी मुंबई आणि अर्धं पुणे पायऱ्यांवर बसलेलं असतं. जमीन कुठे रेल्वेची, कुठे वनखात्याची, रस्ता तिसऱ्याचा, पोलीस चौथ्याचे. ३० जून २०२४ ला मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. मोबाइलमध्ये ते दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. शोधायला नौदलाचे पाणबुडे आले आणि शिवदुर्ग मित्र या बचावपथकाची आमचीच पोरं उतरली. ही पोरं रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात ती पगारासाठी नाही.

“आणि दोनच दिवस आधी काय झालं होतं, आठवतंय?” नानांनी डोळे बारीक केले. नाना अर्थसंकल्पाचं भाषण टीव्हीवर क्रिकेटसारखं बघतात. २८ जूनला विधिमंडळात राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी लोणावळ्यात ३३३ कोटी ५६ लाखांचा स्कायवॉक जाहीर केला. टायगर पॉइंट, लायन्स पॉइंटच्या कड्यावर काचेचा.

“म्हणजे ताई, दरी बघायला ३३३ कोटी,” मामा म्हणाले, “आन् दरीत पडल्याला काढायला पोरांचा सोताचा दोर.”

मी म्हटलं, “मामा, स्कायवॉक झाला तर धंदा वाढेल की. चिक्कीवाल्यांना, रिक्षावाल्यांना, तुमच्या दुधालाही.”

“वाढू द्या ना! मी कुठं नको म्हणतोय? पण माझा सवाल येगळा हाय. त्या छप्पन लाखाचं काय? ३३३ कोटी समजलं. पण वरचे छप्पन लाख इतके बारीक मोजणाऱ्यांनी पार्किंग, संडास, दोर अन् जीवरक्षक मोजले असतील ना? ते कुठल्या पानावर हायत?”

नाना हसले. “मामा, तुम्ही ऑडिटला हवे होतात.”

रस्त्याचं निघालं तसं टोलचं निघालं. लोणावळेकरांच्या गप्पांत टोल निघाला नाही तर चहा गोड लागत नाही. टोल म्हणजे कर नव्हे, हे खरं, पण खिसा तोच. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. २००४ मध्ये तो आणि जुना महामार्ग मिळून टोलवसुलीचं कंत्राट ९१८ कोटींना पंधरा वर्षांसाठी दिलं गेलं. पुण्याच्या सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर आणि त्यांच्यासारखे काही जण माहिती अधिकारातून महिन्यामहिन्याचे वाहनांचे आणि वसुलीचे आकडे काढत बसले. ठरलेली रक्कम मुदतीच्या आधीच वसूल झाली, असा त्यांचा दावा होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. इकडे २०१९ उजाडलं आणि मुदत संपली. टोल संपला का? २०२० मध्ये नवं कंत्राट निघालं, ८,२६२ कोटींचं, २०३० पर्यंत. त्यापुढेही वसुली २०४५ पर्यंत चालायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये मोटारीचे २७० चे ३२० झाले.

“आणि आपल्या जुन्या रस्त्यावरचं गणित?” काकूंनी आठवण करून दिली. सोमाटणे आणि वरसोली, हे दोन नाके. मधलं अंतर तीस-बत्तीस किलोमीटर. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्राचा २००८ चा नियम म्हणतो, दोन नाक्यांत साठ किलोमीटर हवेत. विचारलं तर करार २००४ चा. “म्हणजे करार नियमाच्या आधी जन्मला, म्हणून तो नियमाचा मोठा भाऊ!” नाना म्हणाले. तळेगावच्या लोकांनी यासाठी मोर्चे काढले, उपोषणं केली. घोषणा झाल्या. सोमाटण्याला गाडीची काच मात्र आपण खाली करत राहिलोच, आणि आता फास्टॅग आल्यापासून तेवढेही कष्ट नाहीत. पैसे जातात ते कळतसुद्धा नाही.

त्यानंतर काकू गप्प झाल्या होत्या, म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी शिजत होतं. “माझा हप्ता बंद झाला नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या, “कारण मी अर्जच केला नव्हता. पासष्टच्या वर आहे मी. पण त्या दाढीवाल्या बहिणींचं काय झालं?”

लाडकी बहीण योजनेत चौदा हजारांहून जास्त पुरुषांच्या खात्यांत पैसे गेल्याच्या बातम्या जुलै २०२५ मध्ये छापून आल्या होत्या, त्यावर काकूंचा राग. त्याच सुमाराला मंत्री अदिती तटकरे यांनीच सांगितलं होतं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचा संशय आहे आणि त्यांचे हप्ते थांबवलेत. गरजू बाईला दीड हजार मिळाले याचं काकूंना वाईट वाटत नाही. त्यांच्याकडे धुण्याला येणाऱ्या बाईच्या मुलीची फी त्यातून भरली गेली. त्यांचा प्रश्न एवढाच: “मला पेन्शनसाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं, नाही तर महिना अडतो. जिवंत आहे हे सिद्ध करायला मला बँकेत बोलावतात. आणि बाई आहे की बुवा, हे न बघता हजारोंना पैसे? अर्ज कुणी तपासले?”

“निवडणूक जवळ होती,” मामा म्हणाले, आणि त्या वाक्यावर पुढे कुणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग मी नानांना गाठलं. “तुम्ही अख्खा जन्म तपासणीत घालवलात. हे सगळं तुमच्या लोकांना दिसत नव्हतं का?”

“सगळं दिसतं,” नाना म्हणाले, आणि काठी बाजूला ठेवली. “ऐक. तपासणी होते ती खर्च झाल्यावर, बहुधा वर्ष-दोन वर्षांनी. आम्ही आक्षेप लिहितो. कार्यालय खुलासा देतं. खुलासा पटला नाही की आक्षेप प्रलंबित. दरम्यान बदल्यांच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांत साहेब बदलतात. नवे साहेब म्हणतात, ते माझ्या काळातलं नाही. खुर्ची तीच, माणूस तिसरा. राज्याचा मोठा हिशेब महालेखापाल तपासतात, अहवाल विधिमंडळात जातो, मग लोकलेखा समितीपुढे. तिथे साक्ष लागेपर्यंत जुने साहेब निवृत्त. आणि निवृत्तिवेतनाच्या नियमांत मेख अशी की, निवृत्तीनंतर विभागीय चौकशी काढायची तर घटना चार वर्षांच्या आतली हवी. आता मोज. तपासणीला दोन वर्षं, खुलाशांना दोन वर्षं. झाली चार. साहेब नातवाला बागेत फिरवायला मोकळे.”

“म्हणजे कुणी काही लपवतच नाही.”

“काही नाही. आक्षेप लिहिलेला असतो, नंबर घातलेला असतो, कपाटात असतो. फक्त तो वाचून दुसऱ्या दिवशी कुणाला बोलवायचं, हे कुठे लिहिलेलं नाही.”

त्यात मधली वर्षं तर आणखीच सोयीची गेली. आमच्या पालिकेची मुदत २०२२ च्या सुरुवातीला संपली आणि निवडणूक झाली डिसेंबर २०२५ मध्ये. जवळपास चार वर्षं प्रशासक. जिल्हा परिषद, पंचायत समितीही मार्च २०२२ पासून तशाच होत्या. प्रस्ताव ठेवणारं कार्यालय आणि तो मंजूर करणारी सभा, दोन्ही एकाच माणसात. सभागृहात नगरसेवक भांडायचे तेव्हा आम्ही नावं ठेवायचो. पण भांडणातून निदान आकडे तरी बाहेर पडायचे. आता लोकनियुक्त सभागृह बसलंय. पहिल्या सहा महिन्यांत सत्कार किती झाले हे आपण मोजतोच, मागच्या चार वर्षांच्या खर्चाचा कागद कुणी टेबलावर मागितला का, हेही मोजावं.

आता कुंपणावर बसून नुसती नावं ठेवायची तर ते काम कावळेही करतात, आणि एक गोष्ट तर प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखाखालच्या शहरांत देशात विटा पहिलं, लोणावळा दुसरं, सासवड तिसरं आलं. दर शनिवार-रविवारी बाहेरून आलेली हजारो माणसं वेफर्सची पाकिटं टाकून जातात अशा गावाने हे करून दाखवलं. कसं? तिथे परीक्षा होती. तारीख ठरलेली, गुण ठरलेले, तपासणारा बाहेरचा, निकाल जाहीर. झाडूवाल्या मावशीपासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं की आपला रकाना कुठला. तीच माणसं, तीच यंत्रणा, तोच पैसा. म्हणजे जमत नाही असं नाही. जिथे कुणीतरी नाव घेऊन विचारणार असतं, तिथे जमतं.

“मग आपण का विचारत नाही?” मी मामांना म्हटलं. “तुमच्याकडे तर ग्रामसभा आहे. वित्त आयोगाचा पैसा थेट गावाच्या खात्यात येतो, कुठल्या कामाला किती गेला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतं.”

मामांनी टोपी मागे सरकवली. “ताई, खरं सांगू का? ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर माणूस लागतं. जमत न्हाई. मग सभा तहकूब. तहकूब झाली की पुन्यांदा भरवायला माणसांची अटच न्हाई. धा-पंधरा जण बसत्यात, वही फिरती, सही होती. भंडाऱ्याला इचारा किती आल्ते. दोन हजार पान उठलं.” थोडं थांबून म्हणाले, “आन् विचारायचं तर कुणाला? ठेका माझ्या पुतण्याचाच हाय. त्याला विचारलं तर दिवाळीला घरी कोण येणार?”

हे मामांनी सांगितलं म्हणून बरं झालं. ठेकेदार दरवेळी परका शेठ नसतो. कधी पुतण्या असतो, कधी मुलाचा मित्र, कधी मंडळाला गणपतीत दहा हजारांची वर्गणी देणारा ‘आपला माणूस’. पावतीवर त्याचं नाव ठळक छापणारे आपणच, आणि दोन महिन्यांत उखडलेल्या रस्त्यावर त्याचं नाव न घेणारेही आपणच.

विचारणाऱ्यांचं काय होतं, हेही मावळ विसरलेला नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकाराचे अर्ज करायचे, ताजे-पिंपळोलीकडच्या जमिनींचे व्यवहार त्यांनी उजेडात आणले. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांचा खून झाला. तपास सीबीआयकडे गेला आणि २०१४ मध्ये सीबीआयने तो बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. तेव्हापासून मावळात अर्ज भरताना माणूस एकदा मागे वळून बघतो. म्हणूनच एकट्याने विचारण्यापेक्षा दहा जणांनी मिळून विचारावं, हे नानांचं मत मला पटतं. दहा अर्ज एकाच दिवशी गेले की कुणाच्या मागे लागायचं हे कुणालाच कळत नाही.

आणि त्यासाठी भाषणं लागत नाहीत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. त्याहूनही सोपी वाट आहे. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्या आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघायला खुले ठेवायचे आहेत. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. मावळात किती जणांना हे ठाऊक आहे? मी विचारलं तेव्हा आमच्या गल्लीत एकालाही नव्हतं.

काय बघायचं, ते नानांनी कॅलेंडरच्या मागे लिहून दिलंय. एक, कामाचा आदेश: रक्कम किती, ठेकेदार कोण, मुदत कधीपर्यंत. दोन, मोजमाप पुस्तक: किती मीटर मोजलं, कोणी मोजलं, कुठल्या तारखेला. तीन, दोषदायित्व कालावधी कधी संपतो. चार, याच जागेवर मागचं काम कधी झालं आणि त्याचं काय झालं. चार ओळी. वकील नको, इंग्रजी नको, पुढारी तर नकोच.

मंजूर झालं म्हणून फटाके वाजवणं आता पुरे. मंजुरी म्हणजे काम नव्हे, खर्च म्हणजेही काम नव्हे. काम म्हणजे जे वापरता येतं, आणि ज्याच्याखाली एका जिवंत माणसाचं नाव असतं. ते नाव सरकार आपणहून लिहिणार नाही, ते आपल्यालाच मागावं लागेल. येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता आमच्या गल्लीतले सात जण आपल्याच गल्लीची फाइल बघायला जाणार आहेत. तुमच्याही गल्लीत मार्चमध्ये ब्लॉक पडले असतील, तर सोमवार तुमच्याकडेही येतो.